रद्दीच्या काट्यावर

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे रद्दीवाल्याची सुगी. घरोघरी आवरासावर निघते, माळे रिकामे होतात, आणि वर्षानुवर्षे 'राहू दे, लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेल्या वस्तू एका दुपारीत जिन्याखाली येतात. तीन वर्षांपूर्वी अशाच दिवसांत आम्ही सख्ख्या-चुलत भावंडांनी म्हसवडचे आजोबांचे घर रिकामे केले. घर विकले होते, ताबा द्यायला आठ दिवस उरले होते. भांड्यांची वाटणी झाली, सागवानी कपाट धाकट्या चुलतभावाने नेले. आजोबा शाळामास्तर होते. त्यांची पुस्तके मात्र कोणालाच नको होती. पुण्या-मुंबईच्या घरांत ती ठेवायची कुठे, हा प्रश्न खराच होता.

रद्दीवाला काटा घेऊन आला. पुस्तके 71 किलो भरली. वर्तमानपत्राला किलोमागे 14 रुपये आणि पुस्तकांना 9 असा त्याचा भाव. पुस्तकांना कमी का, असे मी विचारले. तो म्हणाला, "ताई, पेपर तसाच पुडीला जातो. पुस्तकाचं तसं नाही. पुठ्ठा फाडा, शिलाई उसवा, मग ते लगद्याला. त्यात माणूस गुंततो." हिशेब चोख होता. 639 रुपये त्याने माझ्या हातावर ठेवले.

हे सारे मी सांगते आहे, कारण मी एकतीस वर्षे ग्रंथपाल होते. जुन्या पुस्तकांविषयी मी भाषणे केली आहेत. शिवाय ग्रंथालयाच्या भाषेत ज्याला 'निर्लेखन' म्हणतात, म्हणजे पुस्तके दाखल नोंदवहीतून रीतसर बाद करणे, तेही मी दर काही वर्षांनी केले आहे. त्यामुळे त्या दुपारी माझा हात थरथरला नाही. मी तीन पुस्तके बाजूला काढली आणि बाकीच्यांवर नजर टाकून मान हलवली.

आठ दिवसांनी पुण्यात एकदम आठवले, की आजीची वही त्याच ढिगात होती.

ती वही म्हणजे काही ग्रंथ नव्हे. शाळेच्या जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांची आजोबांनी शिवून दिलेली वही. पुढच्या बाजूने सांडग्या-कुरडयांची प्रमाणे, मागच्या बाजूने घरखर्च. 1972 च्या दुष्काळात रेशनवर मिलो मिळायचा, लाल परदेशी ज्वारी. तो कोणत्या तारखेला किती मिळाला, भाकरी थापताना त्यात काय मिसळावे लागले, गल्लीतून कोण कोण खडी फोडायच्या कामावर गेले, हे आजीने पेन्सिलीने लिहून ठेवले होते. लहानपणी मी ते वाचले होते आणि मला त्यात काही विशेष वाटले नव्हते.

मी दुसऱ्याच दिवशी म्हसवडला गेले. दुकानातला माल बराचसा पुढे गेला होता. वही मिळाली नाही. आमच्या ढिगातला एकच जाड बांधीव ग्रंथ कोपऱ्यात पडलेला होता, त्याचा पुठ्ठा अर्धवट फाडलेला. दुकानदाराने पैसे घेतले नाहीत. "न्या ताई, तुमचंच आहे," एवढेच म्हणाला.

त्या फाटक्या पुठ्ठ्याने मला या विषयात ओढले. टाकलेल्या वस्तूला आणि विसरलेल्या पुस्तकाला दुसरे आयुष्य मिळते म्हणजे नेमके काय होते, याचा गेली तीन वर्षे मी जमेल तसा शोध घेते आहे. हाती आले ते थोडक्यात असे: दुसरे आयुष्य एका प्रकारचे नसते. कधी वस्तूचे द्रव्य वाचते, कधी तिची ओळख वाचते, कधी फक्त तिच्यातला मजकूर वाचतो. या तिन्हींची गल्लत केली, की वाचवता वाचवता आपण वस्तू गमावतो.

द्रव्य वाचवणारी माणसे

आपल्याकडे काही वाया घालवायचे नाही ही रीत पर्यावरणाच्या चर्चेपेक्षा फार जुनी आहे, आणि तिच्यामागे हौस नसून गरज आहे. दुपारच्या वेळी टोपलीत नवी भांडी घेऊन येणारी बोहारीण अनेकांना आठवत असेल. जुन्या साड्या आणि पँटी तिच्यापुढे टाकायच्या, तिने त्या उलगडून उजेडात धरायच्या, विरलेली जागा बरोबर शोधून काढायची, आणि मग एका पातेल्यावरून अर्धा तास घासाघीस करायची. ते कपडे पुढे धुऊन, शिवून जुन्या बाजारात जात. अगदीच फाटके असले तर कारखान्यात यंत्रे पुसायच्या चिंध्या होत. जरीचे लुगडे असेल तर त्याचा ग्राहक वेगळा. तो जरी जाळून तिच्यातली चांदी काढी.

धातूंचेही तसेच. तांब्या-पितळेची भांडी झिजली, की ती 'मोडीत' द्यायची. जुन्याचे वजन करून त्याची किंमत नव्या भांड्याच्या किमतीतून वजा होई. 'मोडीत काढणे' हा वाक्प्रचार आपण आता माणसांना आणि विचारांनाही लावतो. मूळ व्यवहारात मात्र मोडीत निघालेले भांडे संपत नसे, ते वितळून पुन्हा भांडेच होई. घराघरांत स्टेनलेस स्टील आले तेव्हा पितळी हंडे, घंगाळी, तपेली अशीच मोडीत गेली आणि त्यांच्यामागोमाग कल्हईवाल्याची भट्टीही गल्लीतून उठली.

या साऱ्यांत मला सर्वांत जवळची वाटते ती गोधडी. आमच्याकडे तिला वाकळ म्हणतात. वरचा आणि खालचा पदर नऊवारी लुगड्याचा, मध्ये धोतरांचे आणि परकरांचे तुकडे, आणि या सगळ्यातून जाणारा एकसारखा धावदोरा. वाकळीत कापडाचे द्रव्य वाचतेच. पण घरातल्या बाईला प्रत्येक तुकडा ओळखू येतो. हे आत्याच्या बारशाचे, हे थोरल्या सुनेच्या पहिल्या दिवाळसणाचे. ती बाई आहे तोवर ही ओळख आहे. ती गेली, की वाकळ नुसती ऊबदार उरते.

कागद हेदेखील मुळात टाकलेल्या वस्तूचे दुसरे आयुष्य. जुन्नर आणि दौलताबादजवळचे कागजीपुरा ही हातकागदाची जुनी केंद्रे. तागाची पोती, दोरखंड, चिंध्या अशा टाकाऊ मालाचा लगदा करून त्यापासून कागद बनवायची आपल्याकडची पद्धत शतकानुशतके चालत आली. पुण्यात 1940 साली स्थापन झालेल्या हातकागद संस्थेनेही कापडाच्या चिंध्यांपासूनच कागद केला. म्हणजे पोथीच्या पानात कुणाचे तरी जुने धोतर असण्याची शक्यता पुष्कळ. कागद जुना झाला की त्याचा पुठ्ठा होई. पूर्वीचा बांधणीकार तयार पुठ्ठा विकत आणतोच असे नव्हते. छापखान्यातले बिघडलेले फर्मे, जुन्या वह्यांची पाने, पत्रे असे हाती लागेल ते एकावर एक खळीने चिकटवून, दाबाखाली वाळवून तो पुठ्ठा करी. खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घाली.

म्हसवडच्या रद्दीतून परत आणलेल्या ग्रंथाचा पुठ्ठा असाच घडलेला होता. तो निम्मा फाटल्यामुळे त्याचे थर सुटले होते. ओलसर टीपकागदात ठेवून, बोथट पातीने मी ते तीन आठवडे सावकाश वेगळे केले. एका पंचांगाची दोन पाने निघाली. त्यांच्याखाली मोडी अक्षरांतला हिशेबाचा एक तुकडा निघाला. मला मोडी येत नाही. मोडी शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने तो वाचून दिला. हातउसन्या दिलेल्या बाजरीची ती यादी होती. नावे होती, पायल्यांचे आकडे होते, आणि काही नावांपुढे 'फिटले' असे लिहिले होते. इतिहास बदलेल असे त्यात काही नाही. पण कुणाच्या तरी घरातली टंचाई एका धार्मिक ग्रंथाला पाठिंबा देत शंभरएक वर्षे त्या पुठ्ठ्यात दडून होती, हे पाहिल्यावर मला आजीची वही आणखीच आठवली.

द्रव्य वाचवणारी माणसे वस्तूचा जीव वाचवतात, पण तिचे नाव पुसतात. वितळलेल्या हंड्यावर कोणाचे नाव कोरलेले होते, हे पुढच्या पातेल्याला ठाऊक नसते. ही तक्रार नव्हे. त्यांच्या धंद्यात नावाला किंमत नाही, वजनाला आहे.

ओळख वाचवणारी माणसे

नाव वाचवायचे असेल तर वस्तूला मोडीच्या वाटेवरून बाजूला घ्यावे लागते. पुण्यातले राजा दिनकर केळकर संग्रहालय हे याचे महाराष्ट्रातले सर्वांत ठळक उदाहरण. दिनकर गंगाधर केळकर (1896–1990) 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. साधारण 1920 पासून ते वस्तू जमवू लागले, आणि जमवल्या त्या राजेरजवाड्यांच्या तलवारींपुरत्या नव्हेत. अडकित्ते, दिवे, फण्या, दौती, पाय घासायच्या वज्र्या, दारांच्या चौकटी, स्वयंपाकघरातली भांडी. रोजच्या वापरातली आणि म्हणूनच कुणीही इतिहास न मानलेली. संग्रहाला त्यांनी बालपणीच गेलेल्या मुलाचे, राजाचे नाव दिले आणि 1975 साली तो महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. आज तो वीस हजार वस्तूंच्या घरात आहे, आणि त्यातल्या थोड्याच वस्तू एका वेळी मांडता येतात.

अडकित्त्यांच्या कपाटापुढे उभे राहिले की एक गोष्ट लक्षात येते. एकटा अडकित्ता हे सुपारी कातरायचे हत्यार. शेजारी आणखी पन्नास ठेवले, की मोर, पोपट, घोडा अशा आकारांतून कारागिरांची एक अख्खी भाषा उलगडते. जमवण्याने वस्तूला अर्थ येतो तो असा. त्याची किंमतही मोजावी लागते. कपाटात गेलेला अडकित्ता पुन्हा सुपारी कातरत नाही. ओळख वाचली, वापर थांबला.

कागदांच्या बाबतीत हे काम विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी केले. त्यासाठी त्यांच्या काळाची एक बाजू समजून घ्यायला हवी. देशमुख-देशपांड्यांच्या, इनामदारांच्या घरांतून दप्तरे पिढ्यानपिढ्या रुमालांत बांधून ठेवली जात ती इतिहासाच्या प्रेमाने नव्हे, तर हक्काच्या पुराव्यासाठी. इंग्रजी अमलात इनामांची चौकशी झाली. 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. दाव्यांचे निकाल लागत गेले तसे या कागदांचे व्यवहारातले काम संपत आले. काम संपलेला कागद म्हणजे रद्दी. तो वाण्याकडे पुड्यांना गेला, वाळवीला गेला, नदीत शिरवला गेला. राजवाडे आणि त्यांच्या समकालीन संशोधकांनी अशा नाशाच्या हकिगती पुन्हापुन्हा सांगितल्या आहेत.

राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून दप्तरे मिळवली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड 1898 साली निघाला आणि पुढे तिचे 22 खंड झाले. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. त्यांच्या चिकाटीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ग्रंथपाल म्हणून मला महत्त्वाचा वाटतो तो त्यांच्या खंडांतला 'लेखांक' हा छोटासा शब्द. प्रत्येक पत्राला क्रमांक, शक्य तिथे तारीख, आणि मग मजकूर. पत्र कितीही क्षुल्लक असो, त्याला स्वतःचा आकडा मिळाला आणि त्या आकड्याने त्याला पुढचा कोणीही अभ्यासक हाक मारू शकला. कागद रद्दीतून उचलणे हे अर्धे काम. त्याला क्रमांक देणे हे उरलेले अर्धे.

छापील पुस्तकांसाठी हे काम शंकर गणेश दाते यांनी केले. 1800 ते 1937 या काळातल्या मराठी पुस्तकांची त्यांची 'मराठी ग्रंथसूची' 1943 साली निघाली. 1938 ते 1950 या काळाचा दुसरा भाग 1961 साली. आम्हा ग्रंथपालांच्या टेबलावर 'दाते' असे नुसते आडनाव घेतले तरी ही सूची समजते. त्या सूचीतली कितीतरी पुस्तके आज शोधूनही हाताला लागत नाहीत. पण ती होती, अमुक साली अमुक गावी छापली गेली होती, एवढे आपल्याला ठाऊक आहे. हरवलेल्या वस्तूची नोंद असेल तर निदान ती हरवली आहे हे कळते. नोंदच नसेल तर तेही कळत नाही.

मजकुराचा पुनर्जन्म

पुस्तक ही वस्तू असूनही इतर वस्तूंहून वेगळी आहे, कारण तिचा जीव एका प्रतीत अडकलेला नसतो. एक प्रत उरली तरी पुरते. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' हे याचे सर्वांत मोठे उदाहरण. 1881 मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला भ्रूणहत्येच्या आरोपाखाली शिक्षा झाली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीवरच जी झोड उठली, तिला बुलढाण्याच्या या बाईने दिलेले हे सडेतोड उत्तर. 1882 साली ते पुण्यात छापले गेले, प्रती 500. जोतीराव फुल्यांनी 1885 मध्ये 'सत्सार'च्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर हे पुस्तक जवळजवळ नाहीसे झाले. ताराबाईंनी दुसरे पुस्तक लिहिल्याचेही दिसत नाही.

1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. मधली 93 वर्षे हे पुस्तक मराठी वाङ्मयाच्या चर्चेत जवळपास नव्हतेच. ते वर्ष आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते. वाचणारे डोळे तयार होते. पुढे त्याच्या आवृत्त्या निघाल्या, इंग्रजी भाषांतर झाले, विद्यापीठांतून ते शिकवले जाऊ लागले. आज एकोणिसाव्या शतकातल्या स्त्रीविचाराची चर्चा या पुस्तकाला वगळून होत नाही. 500 प्रतींपैकी मालशे यांच्यापर्यंत पोचलेली प्रत जर कुणा ग्रंथपालाने 'जीर्ण, वाचक मागणी नाही' असा शेरा मारून बाद केली असती, तर काय झाले असते? असा शेरा मी स्वतःच्या हाताने शेकडो पुस्तकांपुढे मारला आहे. नियमाप्रमाणे मारला आहे. त्यांतली कोणती पुस्तके दुसरीकडे कुठेच नव्हती, हे तपासायची पद्धत तेव्हा आमच्याकडे नव्हती आणि मीही ती पाडली नाही.

दुसरे उदाहरण जरा निराळे आहे, आणि ते वस्तूच्या बाजूने साक्ष देते. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी 1857 च्या धामधुमीत उत्तरेत केलेल्या प्रवासाची हकिगत उतारवयात लिहून काढली. ती 'माझा प्रवास' या नावाने चिंतामण विनायक वैद्य यांनी 1907 साली प्रसिद्ध केली. प्रसिद्ध करताना त्यांनी भाषा सुधारली, मजकुरात बदल केले. छापील पुस्तक आल्यावर हस्तलिखिताचे काम संपले असे मानून ते टाकून देता आले असते. पुष्कळ हस्तलिखितांचे तसेच झाले. हे मात्र भारत इतिहास संशोधक मंडळात जपले गेले, आणि 1966 साली दत्तो वामन पोतदार यांना मूळ लेखनाबरहुकूम आवृत्ती काढता आली. जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक जे वाचत होता, ते गोडसेभटजींचे पूर्णपणे नव्हते. हे कळले ते मूळ कागद शिल्लक होते म्हणून.

म्हणजे नुसता मजकूर वाचवूनही भागत नाही. आता स्कॅनिंगमुळे तसे भागेल असे आपल्याला वाटू लागले आहे, म्हणून हा मुद्दा जास्त महत्त्वाचा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी पुस्तकावरचा स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातले जवळजवळ सारे मराठी वाङ्मय आज कुणालाही छापता, स्कॅन करता, वाटता येते. 1867 पूर्वीच्या मराठी मुद्रितांना आपण 'दोलामुद्रिते' म्हणतो, पाळण्यातली पुस्तके. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने अशी पुस्तके जपली आहेत. विकिस्रोतावर हौशी मंडळी स्कॅनवरून एकेक पान टंकून, तपासून वाचनीय करत आहेत. हे सारे मोलाचे आहे.

तरीही इंटरनेटवरच्या मोठमोठ्या साठ्यांत मराठी पुस्तक शोधायला बसा. शीर्षक रोमन लिपीत, तेही तीन तऱ्हांनी. लेखकाच्या जागी प्रकाशक, सालाच्या जागी शून्य. एखाद्या कादंबरीची पहिली चार पाने दुसऱ्याच पुस्तकाची. ते पुस्तक तिथे आहे, पण ते तिथे आहे हे कुणालाच ठाऊक नाही. पूर्वी पुस्तक माळ्यावर हरवायचे, आता साठ्यात हरवते. उणीव तीच आहे, नोंदीची.

घर आवरणाऱ्यांसाठी

सगळे ठेवावे असे मी म्हणणार नाही. ज्यांनी आईवडिलांचे घर आवरले आहे त्यांना असा सल्ला देणे हा निर्दयपणा होईल. ग्रंथालयेही आता देणगीची पुस्तके सरसकट स्वीकारत नाहीत; त्यांनाही जागा नाही, माणसे नाहीत. मग निवड कशी करायची?

अनुभवाने मी एक उलटा नियम शिकले आहे. आपण सुबक बांधणीची, नावाजलेल्या लेखकाची पुस्तके ठेवतो आणि चोपडी, पत्रके, वह्या टाकतो. करायला हवे याच्या नेमके उलट. नावाजलेल्या कादंबरीच्या प्रती शेकडो ग्रंथालयांत असतात. तालुक्याच्या गावी छापलेली शाळेची स्मरणिका, सहकारी सोसायटीचा अहवाल, गावच्या नाटकाचे हस्तपत्रक, लग्नातल्या मंगलाष्टकांचा कागद, खर्चाची वही, पाककृतींची वही, यांची दुसरी प्रत बहुधा नसतेच. पुस्तक नेहमीचेच असले तरी आतले पान पाहावे. समासात कुणी वाद घातला आहे का, पहिल्या पानावर कुणी कुणाला कधी दिले ते लिहिले आहे का, आत एखादे तिकीट किंवा पत्र आहे का. छापील मजकूर हजार प्रतींत सारखा असतो. हे फक्त त्या एका प्रतीत असते.

कागदाचेही एक उलटे गणित आहे. 1860 चे पुस्तक पुष्कळदा 1945 च्या पुस्तकापेक्षा धडधाकट निघते. चिंध्यांचा जुना कागद टिकतो. लाकडाच्या लगद्याचा आणि तुरटी-राळेचा लेप दिलेला नंतरचा कागद आतल्या आम्लाने तपकिरी होत होत बिस्किटासारखा मोडतो. महायुद्धाच्या टंचाईतली पुस्तके तर हात लावताच चुरतात. तेव्हा स्कॅन करायचे असेल तर सर्वांत जुन्याआधी सर्वांत ठिसूळ घ्यावे. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी कधीही लावू नये. तिचा डिंक कागदात उतरतो आणि डाग कायमचा राहतो. पातळ कागद आणि पिठाची खळ हा जुना उपाय आजही चालतो, कारण खळ पाण्याने पुन्हा सोडवता येते. दुरुस्ती अशी करावी की पुढच्या माणसाला ती उलगडता यावी.

आणि सर्वांत सोपी, सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. वस्तू ठेवा किंवा देऊन टाका, तिच्याबरोबर एक चिठ्ठी ठेवा. ही कोणाची, कुठली, साधारण कधीची, कशासाठी वापरत. चार ओळी पुरतात. पेन्सिलीने लिहा, शाई फुटते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वाकळ दाखवून तुकड्यांची नावे विचारा आणि लिहून घ्या. चिठ्ठी असलेले पितळी तपेले बाजारात विकले तरी माहिती तुमच्याकडे राहते. चिठ्ठी नसलेले तपेले काचेच्या कपाटात ठेवले तरी ते नुसते पितळ.

आजीच्या वहीबाबत मला हे उशिरा सुचले. वही गेली, तेव्हा निदान तिची नोंद करावी म्हणून मी बसले. जे आठवले ते लिहिले. मोठ्या आत्याला फोन केला. ती ब्याऐंशी वर्षांची आहे. वहीत काय होते हे तिला ठाऊक नव्हते, पण मिलोच्या भाकरीचा विषय निघताच ती पाऊण तास बोलली. ती स्वतः एका पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला गेली होती, हे आम्हा भावंडांना त्या दिवशी पहिल्यांदा कळले. मास्तरांची मुलगी खडीवर गेली हे घरात कुणी बोलत नसे. "आईने लिहिलं असेल तर माझंही नाव असेल त्यात," ती म्हणाली, आणि मग थोडे थांबून, "असेल ना गं?"

मी होय म्हणाले. खरे म्हणजे मला आठवत नव्हते. वही समोर असती तर पान उघडून दाखवता आले असते.

आता माझ्याकडे आत्याच्या बोलण्याची अकरा पाने आहेत, पंचांगाची दोन पाने आहेत आणि उसन्या बाजरीच्या यादीचा तुकडा आहे. तिन्हींवर पेन्सिलीने लिहिलेल्या चिठ्ठ्या आहेत. त्या एका पाकिटात घालून मी ते योग्य ठिकाणी देणार आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि ही प्रथा सुरू झाली. त्या पहिल्या अंकाची प्रत आज पाहायला मिळणे ही भाग्याची गोष्ट. तो अंक घेणाऱ्या बहुतेकांनी तो पुढच्या दिवाळीच्या आवरासावरीत काढून टाकला असणार. तुमच्या हातातला हा अंकही पुढच्या वर्षी काट्यावर चढेल, त्याला किलोमागे 9 रुपये मिळतील. त्याला माझी हरकत नाही. फक्त त्याआधी ढिगात एकदा हात घालून बघा, त्यात कुणाची वही तर नाही ना.